पेशी सिद्धांत कसा समजून घ्यावा : कापूस, कांदा आणि केळीच्या आधाराने

शाळेतला पेशीचा धडा बहुधा एका रंगीत आकृतीपासून सुरू होतो. त्या आकृतीत केंद्रक, तंतुकणिका, हरितलवके, गॉल्गी संकुल असे सगळे एकाच पेशीत दाटीवाटीने मांडलेले असते. विद्यार्थी ती इतकी घोटतात की पुढे कांद्याची साल सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, तरी प्रात्यक्षिकाच्या वहीत हिरवी हरितलवके काढून मोकळे होतात. कांद्याच्या मांसल पापुद्र्यात हरितलवके नसतात, म्हणजे वहीतली आकृती भिंगातून आलेली नसून पाठांतरातून आलेली असते. म्हणून हा धडा उलट्या क्रमाने घ्यावा, असे माझे मत आहे : आधी पेशी पाहावी, मग तिला काम करताना पाहावे, आणि अंगकांची नावे व सिद्धांताची विधाने त्यानंतर वाचावीत. त्यासाठी शाळेतील संयुक्त सूक्ष्मदर्शक, काचपट्ट्या, आच्छादक काचा, एक ब्लेड आणि पातळ केलेले आयोडीन एवढे पुरते. बाकीचे साहित्य खानदेशात घराजवळच मिळते.

सुरुवात कपाशीच्या उललेल्या बोंडापासून करावी. सरकीसकट एक पाकळी घ्यावी आणि सरकीला धरून असलेला एकच धागा चिमटीत पकडून हलकेच ओढावा. तो धागा म्हणजे एक अखंड पेशी आहे. बियांच्या बाह्य आवरणातील काही पेशी फूल उमलण्याच्या सुमारास लांबू लागतात आणि साधारण अडीच-तीन सेंटीमीटरपर्यंत वाढतात. त्यांची जाडी मात्र मिलीमीटरच्या सुमारे पन्नासाव्या भागाएवढीच राहते. लांबणे संपत आले की पेशी आतल्या बाजूने सेल्युलोजचे थर चढवू लागते, म्हणूनच पक्व धाग्यात नव्वद टक्क्यांहून अधिक सेल्युलोज असते. बोंड उलले की ती पेशी वाळून मरते, आतली पोकळी चपटी होते आणि धाग्याला पीळ पडतो. भिंगाखाली हा पीळ मुरगळलेल्या फितीसारखा दिसतो, आणि सूतकताईत धागे एकमेकांत अडकून राहण्यास त्याचीच मदत होते. पेशी डोळ्यांना दिसत नाही, हे विधान खानदेशातील मुलाने तरी सरसकट मान्य करू नये.

येथेच रॉबर्ट हूक यांची गोष्ट सांगून घ्यावी. त्यांनी १६६५ साली बुचाच्या पातळ कापात ज्या लहान कोठड्या पाहिल्या, त्यांनाच पेशीचे इंग्रजी नाव मिळाले. पण आपल्या हातातील कापसाच्या धाग्याप्रमाणे त्याही मेलेल्या पेशींच्या रिकाम्या भिंती होत्या. जिवंत पेशीत काय चालते, हे त्यातून कळणे शक्य नव्हते, आणि म्हणून आपल्यालाही आता कांद्याकडे वळावे लागते.

लाल कांदा उभा चिरून त्याचा एक जाड पापुद्रा घ्यावा. त्याच्या आतल्या, म्हणजे खोलगट बाजूची पारदर्शक साल नखाने अलगद सुटते. तिचा नखाएवढा तुकडा पाण्याच्या थेंबात सपाट पसरावा, एक थेंब पातळ आयोडीन टाकावे आणि आच्छादक काच एका कडेने टेकवून तिरपी करत हळूहळू खाली आणावी. काच सरळ वरून टाकली तर हवेचे बुडबुडे अडकतात, आणि काळ्या जाड कडेचे हे गोल बुडबुडे म्हणजेच पेशी असे समजून वर्गातील निम्मी मुले त्यांचेच चित्र काढतात. आधी कमी शक्तीच्या वस्तुभिंगाने पाहावे. विटांच्या बांधकामासारख्या लांबट पेशी आणि प्रत्येकीत कडेला सरकलेले एक पिवळसर केंद्रक दिसले की मगच मोठ्या भिंगाकडे जावे. केंद्रक कडेला असते, कारण पेशीची बहुतेक जागा पाण्याने भरलेल्या रिक्तिकेने व्यापलेली असते.

पेशीचा आकार पुस्तकातून पाठ करण्याऐवजी मोजावा. नेत्रिका १० पट आणि वस्तुभिंग १० पट असेल, तर एकूण विशालन १०० पट होते. पारदर्शक प्लॅस्टिकची मोजपट्टी मंचावर ठेवून दृष्टिक्षेत्राच्या व्यासात किती मिलीमीटर मावतात ते आधी पाहावे, मग त्याच व्यासावर टोकाला टोक लावून किती पेशी बसतात ते मोजून भागाकार करावा. व्यास १.८ मिलीमीटर असून सहा पेशी बसल्या, तर एका पेशीची लांबी ०.३ मिलीमीटर येते.

आता पेशीला कामाला लावावे. या वेळी त्याच कांद्याच्या पापुद्र्याची बाहेरची, जांभळी साल घ्यावी आणि रंजकद्रव्य वापरू नये, कारण जांभळा रंग मुळातच रिक्तिकेत असतो. साल साध्या पाण्यात पाहून झाली की आच्छादक काचेच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवावा आणि दुसऱ्या कडेला टिपकागद लावून पाणी ओढून घ्यावे. अर्ध्या कप पाण्यात एक चमचा मीठ पुरेसे होते. काही मिनिटांत जांभळा भाग आक्रसून पेशीभित्तिकेपासून सुटतो, भित्तिका मात्र जागच्या जागी राहते. भित्तिका आणि पेशीपटल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कोणत्याही प्रयोगात दिसत नाही. भित्तिकेतून मीठ आणि पाणी दोन्ही आत-बाहेर होतात. पेशीपटल पाण्याला सहज जाऊ देते, मिठाला मात्र सहज जाऊ देत नाही, त्यामुळे बाहेर क्षार जास्त असताना पेशीतले पाणी बाहेर पडते. यालाच रससंकोच म्हणतात. पुन्हा साधे पाणी दिले तर बऱ्याच पेशी पूर्ववत फुगतात. जांभळी साल उकळून घेतली, तर मात्र रंग पाण्यात उतरतो आणि पेशी पुन्हा फुगत नाहीत, कारण उष्णतेने पटलच फाटलेले असते. भरितासाठी काड्यांवर भाजलेले वांगे ढिले पडून पाणी सोडते, त्यामागे इतर कारणांबरोबर हेही एक कारण आहे.

पेशीला ऊर्जा कोठून मिळते, हे केळी दाखवते. हिरव्या कच्च्या केळ्याचा गर टाचणीने खरवडून पाण्यात पातळ पसरावा आणि आयोडीन घालावे. पेशींच्या आत निळेकाळे पिष्टमय कण गच्च भरलेले दिसतात. पिकलेल्या केळ्यात तेच कण विरळ होतात आणि पेशी रिकाम्या पिशव्यांसारख्या दिसतात. मधल्या काळात विकरांनी पिष्टाची साखर केलेली असते. पेशी त्यातील काही साखर श्वसनासाठी वापरते. साखरेचे विघटन पेशीद्रव्यात सुरू होऊन तंतुकणिकेत ऑक्सिजनच्या मदतीने पूर्ण होते, आणि त्यातून मिळालेली ऊर्जा एटीपी या रेणूत साठवली जाते. कार्बन डायऑक्साइड आणि उष्णता बाहेर पडतात. रावेर-सावद्याकडचा माल झाडावरून कच्चाच उतरतो आणि पुढे पिकवण खोलीत पिकतो. त्या खोलीत थंडावा ठेवून अधूनमधून हवा बदलावी लागते, ती याच श्वसनामुळे. तोडलेल्या घडातील पेशी जिवंतच असतात.

इतके पाहून झाल्यावर सिद्धांताची तीन विधाने वाचावीत. श्लायडेन यांनी १८३८ साली वनस्पतींविषयी आणि श्वान यांनी १८३९ साली प्राण्यांविषयी मांडले, की सर्व सजीव पेशींचे बनलेले असतात आणि पेशी हे सजीवांच्या रचनेचे व कार्याचे मूलभूत एकक आहे. नव्या पेशी कशा निर्माण होतात, याबाबत मात्र श्लायडेन चुकले होते. केंद्रकाभोवती द्रव्य जमून पेशी घडते, असे त्यांना वाटत होते. पेशी विभाजनातूनच पेशी तयार होतात हे रेमाक यांनी दाखवले आणि विर्शो यांनी १८५५ साली ते विधान ठामपणे मांडले. हे तिसरे विधान मुले सर्वांत लवकर विसरतात, वास्तविक खानदेशातील प्रत्येक केळीबाग त्याचा पुरावा आहे. बाजारातील नेहमीच्या केळीत गुणसूत्रांचे दोन नव्हे तर तीन संच, म्हणजे एकूण ३३ गुणसूत्रे असतात. तीन संचांची समान वाटणी होत नसल्याने लिंगपेशी तयार करणारे अर्धगुणसूत्री विभाजन बिघडते आणि फळात बी धरत नाही. मग नवे झाड येते ते कंदातून किंवा शेतकरी ज्याला नुसते ‘टिश्यू’ म्हणतात त्या ऊती संवर्धनाच्या रोपातून. प्रयोगशाळेत कोंबाच्या टोकाचा लहानसा भाग निर्जंतुक पोषक माध्यमात वाढवतात, त्यातील पेशी सूत्री विभाजनाने वाढत राहतात आणि प्रत्येक नव्या पेशीला तीच ३३ गुणसूत्रे मिळतात. म्हणून एका मातृरोपापासून हजारो जवळजवळ एकसारखी रोपे होतात, आणि रोगही जवळजवळ सगळ्यांना सारखाच लागतो.

सिद्धांताच्या कडा तपासायच्या असतील, तर त्याच बागेतला सीएमव्ही, म्हणजे केळीवर रोग आणणारा कुकुंबर मोझॅक विषाणू, घ्यावा. हा विषाणू पेशीचा बनलेला नसतो. मावा कीड किंवा रोगट लागवड साहित्य त्याला रोपात आणते, आणि स्वतःची प्रथिने करण्यासाठी तो केळीच्या पेशीतील रायबोझोम वापरतो. पेशीबाहेर त्याची एकही प्रत निघत नाही.

शेवटचे उदाहरण माणसाचे घ्यावे. आपली पक्व लाल रक्तपेशी सात-आठ मायक्रोमीटर व्यासाची असते. तिच्यात केंद्रक नसते आणि तंतुकणिकाही नसतात, म्हणून ती स्वतःची दुरुस्ती करू शकत नाही आणि सुमारे १२० दिवसांत संपते. नंदुरबारच्या सातपुडा भागातील काही कुटुंबांत आढळणाऱ्या सिकलसेल आजारात हिमोग्लोबिनच्या एका साखळीतील सहाव्या जागेवरचे एक अमिनो आम्ल बदललेले असते. ऑक्सिजन कमी झाला की असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दांडे बनवते, पेशी विळ्याच्या आकाराची व ताठर होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि दहा-वीस दिवसांतच नष्ट होते. वर्गात हे समजावताना तयार काचपट्टी किंवा छायाचित्र वापरावे. विद्यार्थ्यांची बोटे टोचून रक्त काढू नये; संसर्गाचा धोका तर असतोच, शिवाय एखाद्या मुलाचा आजार अशा वेळी सगळ्या वर्गासमोर उघड होण्याची शक्यता असते. ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना आरोग्य केंद्रात तपासणी करून घेण्यास स्वतंत्रपणे सांगावे.