पेट्रोलचा प्रेशर वॉशर घेताय? इंजिनाआधी पंप बघा

मी छोटी इंजिनं दुरुस्त करतो. गवत कापायची मशीनं, जनरेटर, पाण्याचे पंपसेट आणि अलीकडे बरेच प्रेशर वॉशर, म्हणजे पंपाने पाण्याची जोरदार धार मारून धुणारी मशीनं. पेट्रोलवर चालणारा वॉशर बाकावर आला की मालक हमखास इंजिनाबद्दल बोलतो. किती सीसीचं, कुठल्या कंपनीचं, किती हॉर्सपॉवरचं. पण इंजिनाचं दुखणं बहुतेक वेळा कार्बोरेटरचं असतं, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाचं. त्यातला जेट (पेट्रोल येतं ते बारीक भोक) साफ केला, खालच्या वाटीतला कचरा काढला की गडी पुन्हा उभा राहतो. पंप गेला तर मात्र मालकाचं तोंड उतरतं, कारण नव्या पंपाची किंमत ऐकून तो नवीन मशीनचाच विचार करायला लागतो. म्हणून घेतानाच पंप कुठला आहे हे विचारा. विकणाऱ्याला सांगता आलं नाही, तर खोक्यावर वाचा. खोक्यावरही नसेल, तर त्यातच काय ते समजा.

त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारून घ्या: पेट्रोलचाच हवा का? नुसती गाडी, दुचाकी आणि गॅलरी धुवायची असेल तर विजेवर चालणारा छोटा वॉशर पुरतो. आवाज कमी, धूर नाही, बटण दाबलं की सुरू. पेट्रोलचं मशीन तेव्हा घ्यावं, जेव्हा मोठं अंगण, शेवाळ धरलेला काँक्रीटचा रस्ता, कुंपणाच्या भिंती, चिखलाने लडबडलेला ट्रॅक्टर असली कामं असतात, किंवा जिथे धुवायचं तिथे वीज पोचत नाही. महिन्यातून एकदा गाडी धुण्यासाठी हे धूड घरात आणलं, तर पेट्रोल टाकीत शिळं होईल आणि तुम्ही माझ्याकडे याल. माझा फायदा आहे, पण तरी सांगतो.

आता आकडे. दाब मोजतात बारमध्ये किंवा पीएसआयमध्ये (चौरस इंचावर किती पाउंड). 1 बार म्हणजे साधारण 14.5 पीएसआय. दुसरा आकडा पाण्याचा, मिनिटाला किती लिटर. लोक पहिल्या आकड्यावर भाळतात आणि दुसऱ्याकडे बघतच नाहीत. दाब घाण सुटी करतो, पण सुटलेली घाण वाहून नेतं ते पाणी. नुसता दाब जास्त आणि पाणी कमी असलं की चिखल इकडून तिकडे पळत राहतो, अंगण संपत नाही. घरच्या कामाला 140 ते 210 बार आणि मिनिटाला 8 ते 10 लिटर एवढं मशीन भरपूर झालं. त्याच्या पुढचं मशीन रंग, लाकूड आणि फरशीच्या सांध्यांचं नुकसानच जास्त करतं.

जाहिरातीतले आकडे खरे की फुगवलेले, हे ओळखायला एक सोपं गणित आहे. बार गुणिले मिनिटाचे लिटर, भागिले 600. उत्तर येतं किलोवॉटमध्ये, म्हणजे पाण्यात प्रत्यक्ष किती ताकद जाते ते. 200 बार आणि 9 लिटर घ्या: 1800 भागिले 600, म्हणजे 3 किलोवॉट. पंपातलं नुकसान धरून इंजिनाला साडेतीनच्या आसपास द्यावे लागतील. होंडाचं जीएक्स 200 हे 196 सीसीचं इंजिन मिनिटाला 3600 फेऱ्यांना 4.1 किलोवॉट देतं, म्हणजे हे जमण्यासारखं आहे. आता कुणी तेवढ्याच सीसीच्या इंजिनावर 275 बार आणि 15 लिटर असं लिहिलं असेल, तर गुणाकार करा. उत्तर जवळपास 7 किलोवॉट येतं. एवढी ताकद त्या इंजिनात नाहीच. मग तो 275 एक तर गनचा ट्रिगर सोडतानाचा क्षणभराचा दाब असतो किंवा निव्वळ छापलेला असतो. ‘कमाल दाब’ आणि ‘कामाचा दाब’ हे दोन वेगळे आकडे असतात, तुम्ही कामाचा विचारा.

पाणी कुठून घेणार, हेही दुकानात जायच्या आधी बघून ठेवा. 10 लिटरची बादली नळाखाली लावा आणि घड्याळ बघा. मिनिटाच्या आत भरली नाही, तर मिनिटाला 10 लिटरचं मशीन त्या नळावर उपाशी राहणार. पंपाला लागतं त्यापेक्षा नळाला थोडं जास्तच पाणी हवं. पाणी कमी पडलं की पंपातल्या पाण्यात बुडबुड्यांची पोकळी धरते, खडखड आवाज यायला लागतो, जणू आत खडी फिरतेय. तो आवाज आला की मशीन लगेच बंद करायचं, कारण तेव्हा आतले सील (पाणी गळू न देणाऱ्या कड्या) आणि व्हॉल्व्ह मार खात असतात. टाकीतून किंवा पिंपातून पाणी ओढायचा बेत असेल, तर आधी विचारा की हा पंप ओढून पाणी घेतो का. घरगुती मशीनच्या बऱ्याच पंपांना नळाचं दाबाचं पाणीच लागतं. आणि पाणी जिथे आत शिरतं तिथे बारीक जाळी असायलाच हवी. तीही अशी, की हाताने काढून धुता आली पाहिजे.

आता मूळ मुद्दा, पंप. घरगुती पेट्रोल मशीनवर तीन प्रकारचे पंप दिसतात. सगळ्यात स्वस्त तो वॉबल प्लेटचा. शाफ्टवर, म्हणजे फिरणाऱ्या दांड्यावर, तिरकी बसवलेली चकती डुगडुगत फिरते आणि छोट्या पिस्टनना ढकलते. चालतो, पण आयुष्य थोडं, आणि बऱ्याचदा उघडून दुरुस्त करण्याजोगा नसतोच. गेला की फेका. त्याच्या वर अ‍ॅक्झिअल कॅम. तत्त्व तेच, पण बेअरिंग मोठं, ऑइल जास्त, आणि चांगल्या कंपनीचा असेल तर सील, व्हॉल्व्ह, ओ-रिंग सुटे मिळतात. तिसरा ट्रिप्लेक्स. यात इंजिनासारखी क्रँक असते आणि सिरॅमिकचे तीन प्लंजर (पाणी ढकलणाऱ्या दांड्या) पुढे-मागे होतात. ढोबळमानाने वॉबलचं आयुष्य काहीशे तास, अ‍ॅक्झिअलचं त्याहून बरंच जास्त, आणि नीट सांभाळलेला ट्रिप्लेक्स हजारो तास जातो.

मग ट्रिप्लेक्सच घ्यावा का? माझं मत, घरासाठी गरज नाही. घरात हे मशीन वर्षाला वीस-पंचवीस तास चाललं तरी खूप झालं. त्या हिशोबाने दुरुस्त होणारा अ‍ॅक्झिअल पंप कित्येक वर्षं पुरतो. धुण्याचा धंदा असेल तर गोष्ट वेगळी. पण वॉबलवर मात्र पैसे घालू नका. पंपाचं डोकं, म्हणजे ज्यातून पाणी जातं तो भाग, पितळी आहे का तेही बघा. अ‍ॅल्युमिनियमचं हलकं आणि स्वस्त, पण क्षारांच्या पाण्याने ते लवकर खाल्लं जातं. एआर, कोमेट, कॅट, जनरल पंप अशी पंप बनवणाऱ्याची स्वतःची पाटी अंगावर असेल, तर सुटे भाग मिळायची शक्यता वाढते. बिननावाच्या पंपाचा सील शोधताना माझे दिवस वाया जातात आणि शेवटी साधारण मापाचा कुठला तरी बसवावा लागतो. मशीन ठरवताना त्याच पंपाचा सील किट मिळतो का विचारा, आणि मिळत असेल तर तेव्हाच एक घेऊन ठेवा.

पंप इंजिनाला कसा जोडलाय हेही बघण्यासारखं आहे. काही स्वस्त मशीनमध्ये इंजिन उभ्या शाफ्टचं असतं आणि पंप खाली, चाकांच्या मध्ये लटकतो. चिखल तिथेच उडतो आणि पंपाला हात लावायचा म्हणजे सगळं आडवं करावं लागतं. आडव्या शाफ्टच्या इंजिनाला पंप बाजूला बसतो. पाऊण इंची चावीचा शाफ्ट (खाचेत लोखंडी पट्टी बसवून पंपाला धरणारा) या वर्गातल्या बऱ्याच इंजिनांना असतो, त्यामुळे उद्या पंप बदलायचा झाला तरी दुसऱ्या कंपनीचा बसू शकतो. अशा मशीनचा पंप बसवताना शाफ्टवर अँटी-सीझ ग्रीस लावायची मी सवय ठेवलीय. ते न लावलेले पंप गंजून शाफ्टला असे धरतात, की पुलर लावून, तापवून, ठोकून काढावे लागतात, आणि कधी पंपाचा बोल्ट बसवायचा कानच तुटून हातात येतो.

इंजिनाबद्दल थोडक्यात. चार स्ट्रोकचं, ओव्हरहेड व्हॉल्व्हचं (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या डोक्यावर असलेलं), सिलिंडरला आतून कास्ट आयर्नचा स्लीव्ह (नळकांडं) असलेलं घ्या. ऑइल कमी झालं की आपोआप बंद पडणारी सोय असावी. बाकी गोष्टी दुकानात हाताने तपासा: एअर फिल्टरचं झाकण पान्याशिवाय उघडतं का, पेट्रोल बंद करायला कॉक आहे का, कार्बोरेटरच्या वाटीला खाली ड्रेन बोल्ट आहे का, ऑइल काढायच्या बोल्टच्या आड फ्रेमचा पाइप तर येत नाही ना. हा शेवटचा मुद्दा कुणी बघत नाही आणि मग दर वेळी ऑइल फ्रेमवरून ओघळत अंगणभर होतं. ज्या अंगणाची सफाई करायला मशीन घेतलं, त्याच अंगणात.

पंपावर दोन छोट्या वस्तू शोधा. एक अनलोडर व्हॉल्व्ह. ट्रिगर सोडला की हा पाणी पंपातच फिरवत ठेवतो. दाब कमी-जास्त करायची मूठ बहुधा यावरच असते. दुसरा थर्मल रिलीफ व्हॉल्व्ह. ट्रिगर सोडून इंजिन चालू ठेवलं की तेच पाणी फिरून फिरून तापतं. साधारण 60 अंश सेल्सिअसच्या वर गेलं की हा व्हॉल्व्ह उघडतो आणि गरम पाणी बाहेर टाकतो. तो नसेल तर गप्पा मारता मारता सील भाजून निघतात. असला तरी ट्रिगर सोडून दोन मिनिटांच्या वर मशीन चालू ठेवू नका.

होज, म्हणजे पंपापासून गनपर्यंतचा पाइप, स्टीलच्या जाळीचा असला तर उत्तम. कडक प्लॅस्टिकचा होज वेटोळं सोडतच नाही आणि पीळ पडला की तिथेच फाटतो. जोडणी एम 22 ची (22 मिलिमीटर आट्यांची) असेल तर एक गोम लक्षात ठेवा. बाहेरचे आटे तेच असतात, पण आतली दांडी काहींची 14 मिलिमीटरची असते, काहींची 15 ची. चुकीची जोडी आट्यांवर छान बसते आणि दाब आला की पाणी फवारते. नवा होज घ्यायला जाताना जुना सोबत न्या.

गनच्या टोकाच्या नोझलचे रंग जवळपास सगळीकडे सारखेच, आणि अंश म्हणजे धार किती पसरते ते: लाल शून्य अंशाचं, पिवळं 15 चं, हिरवं 25 चं, पांढरं 40 चं, काळं साबणाचं. लाल नोझल मी लोकांना डब्यातच ठेवायला सांगतो. त्याची बारीक धार लाकडाला खाच पाडते, विटेचा तुकडा उडवते. गाडीला पांढरं, काँक्रीटला हिरवं, आणि सुरुवात हातभर लांबून. नोझलचं भोक झिजलं की दाब उतरतो, तेव्हा पंपाला दोष द्यायच्या आधी नवं नोझल लावून बघा. ते घेताना मात्र माप जुळवा. मोठ्या मापाच्या नोझलवर दाब येणारच नाही, लहान मापाचं पंपावर ताण टाकेल.

200 बारला पाणी नोझलमधून सेकंदाला जवळपास 200 मीटर वेगाने सुटतं. ही धार कातडीत घुसते. वरून नुसता टोचल्यासारखा ठिपका दिसतो, पण आत पाणी आणि घाण पसरलेली असते. असं झालं तर दुखत नसलं तरी लगेच हॉस्पिटल गाठा आणि काय लागलं ते स्पष्ट सांगा. ट्रिगरला लॉक नसलेली गन घेऊच नका. गॅरेजमध्ये, शेडमध्ये, दार उघडं ठेवूनसुद्धा हे मशीन चालवायचं नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. कानाला इअरमफ, डोळ्याला चष्मा, पायात बूट, आणि पेट्रोल भरायचं ते इंजिन गार झाल्यावरच.

जुनं मशीन बघत असाल तर पंपाच्या ऑइलकडे बघा. काच असेल तर काचेतून, नसेल तर झाकण उघडून. ऑइल दुधी, चहासारखं दिसलं तर सील फुटून पाणी आत शिरलंय. मग इंजिन कितीही गोड वाजत असू दे, किंमत पाडून मागा किंवा सोडून द्या. इंजिन सुरू करायची दोरी ओढायला जड जात असेल तर मात्र घाबरू नका. बहुतेक वेळा पंपात दाब अडकलेला असतो. ट्रिगर दाबून ठेवा आणि पुन्हा ओढा.

नवं मशीन घरी आणलं की आधी इंजिन ऑइल तपासा. बऱ्याच कंपन्या ते न भरताच पाठवतात. पहिलं ऑइल साधारण 20 तासांनी बदला, नंतर दर 100 तासांनी किंवा सहा महिन्यांनी. पंपाचं ऑइल बदलता येत असेल तर पहिल्यांदा 50 तासांनी, पण पुस्तिकेत वेगळं लिहिलं असेल तर तेच खरं. सुरू करायच्या आधी नळ उघडा, ट्रिगर दाबून होजमधली हवा जाऊ द्या, सलग पाणी यायला लागलं की मगच दोरी ओढा. काम संपल्यावर मशीन महिनाभर पडून राहणार असेल, तर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या आणि वाटीत उरलेलं पेट्रोल ड्रेन बोल्ट सैल करून काढा. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतलं पाणी ओढतं आणि जेटमध्ये चिकट थर धरतो. मग इंजिन बंद असताना नळाचा पाइप काढून दोरी दोन-चारदा हळूच ओढा, म्हणजे पंपातलं पाणीही निघून जाईल. थंडीत पाणी गोठतं अशा जागी राहत असाल तर पंपात अँटीफ्रीझ (थंडीत न गोठणारं द्रव) भरून ठेवा, नाहीतर बर्फाने पंपाचं डोकं तडकतं आणि ते काही शिवता येत नाही.