लहान फायरप्लेससाठी इन्सर्ट घेताना

उघडी फायरप्लेस दिसायला झकास, पण खोली ऊबदार ठेवायच्या कामी अगदीच कुचकामी. लाकडातली बहुतेक उष्णता धुराड्यातून वर निघून जाते, जाताना खोलीतली गरम हवाही ओढून नेते, आणि तिच्या जागी दाराखिडक्यांच्या फटींतून गार वारा आत शिरतो. त्यावर उपाय म्हणजे त्याच कोनाड्यात काचेच्या दाराची लोखंडी पेटी, म्हणजे इन्सर्ट, बसवायचा. हवा मोजून मिळते, म्हणून तेवढ्याच लाकडात कितीतरी जास्त ऊब खोलीत येते.

कुणी सल्ला विचारला की मी आधी कॅटलॉग मिटायला लावते आणि टेप काढायला सांगते. नुसती तोंडाची रुंदी-उंची घेऊन भागत नाही. बहुतेक कोनाडे मागे निमुळते होत जातात आणि मागची भिंत वर पुढे झुकलेली असते. त्यामुळे मागची रुंदी, तळाची खोली आणि वरच्या बाजूची खोली ही तिन्ही मापं वेगळी घ्या. मग आवडलेल्या मॉडेलच्या मापाचं पुठ्ठ्याचं खोकं करून आत सरकवून बघा. खोकं मागच्या कोपऱ्यात अडलं तर लोखंडही अडणारच. शिवाय कंपनीने भोवती किती मोकळी जागा सोडायला सांगितली आहे, ती धरायला विसरू नका.

आता ताकद. इथेच लोकांना मोह होतो, ‘थोडा मोठाच घेऊ, थंडी वाढली तर?’ घेऊ नका. खोलीची लांबी, रुंदी आणि उंची मीटरमध्ये घेऊन गुणाकार करा. घर बऱ्यापैकी बंदिस्त असेल तर त्याला १४ ने भागा, जुनं आणि फटींचं असेल तर १० ने; ढोबळमानाने तेवढे किलोवॉट लागतात. ४ बाय ३.५ मीटरची, २.७ मीटर उंचीची खोली म्हणजे जेमतेम ३८ घनमीटर, तिला ३ ते ४ किलोवॉट पुरतात. तिथे ८ चा इन्सर्ट बसवला की खोलीची भट्टी होते, मग माणूस हवेची झडप बंद करत जातो. लाकूड धुमसत राहतं, काच काळी पडते आणि धुराड्यात क्रिओसोट साचतो. हा डांबरासारखा थर पेटला तर धुराड्यालाच आग लागते. लहान इन्सर्ट मोठ्या आचेवर चालवणं केव्हाही बरं.

बिडाचा की पोलादाचा, यावर वाद घालणाऱ्यांना घालू दे. बीड उशिरा तापतं आणि उशिरा निवतं, पोलाद लवकर तापतं. लहान खोलीत दोन्ही चालतात. त्यापेक्षा दुकानात दाराच्या कडेने फट बंद करायला बसवलेली दोरी, म्हणजे सील, तपासा. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. ती अलगद सुटून आली तर सील ढिलं आहे. ओंडक्याची कमाल लांबीही विचारा. लहान पेटीत अनेकदा २५ ते ३० सेंटीमीटरचाच ओंडका मावतो, आणि तुमचा लाकूडवाला चाळीसचे तुकडे देत असेल तर रोज करवत हातात घ्यावी लागेल.

बजेट ठरवताना पेटीच्या किमतीवर थांबू नका. जुनं धुराडं इन्सर्टच्या मानाने फार रुंद असतं. त्यात धूर लवकर गार होतो आणि त्याला वर खेचणारी ओढ कमी पडते. म्हणून वरपर्यंत स्टेनलेस स्टीलची लायनर नळी सोडावी लागते, बहुधा १५० मिलिमीटर व्यासाची. पण नेमका व्यास इन्सर्टच्या पुस्तिकेत बघा. नळी टाकण्याआधी धुराडं साफ आणि तपासून घ्या. हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावं. घर फार बंदिस्त असेल तर बाहेरून हवा घेणारं मॉडेल बघा.

लाकडात ओल २० टक्क्यांच्या आतच हवी. ओल मोजायचं छोटं यंत्र मिळतं. ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूला टोचा, वरची साल फसवते. खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. सुरुवातीला दोन-चार वेळा छोटाच जाळ करा आणि खिडक्या उघड्या ठेवा, कारण नवा रंग भाजताना वास येतो.