पैसे 20 तारखेलाच संपतात? महिन्याचं सोडा, आठवड्याचं बजेट करा

महिन्याचं बजेट तुम्ही पण करून बघितलं असेल, वहीत रकाने पाडून वगैरे, आणि 20 तारखेला वही कोरी ती कोरीच आणि खातं पण. माझं कॉलेजचं पहिलं वर्ष अख्खं असंच गेलं. नंतर कळलं की घोळ खर्चात कमी आणि महिना या मापात जास्त होता, कारण 5 तारखेला खातं भरलेलं दिसतं, हात सैल सुटतो, आणि 28 तारीख लई लांब वाटते. आठवडा मात्र डोळ्यांसमोर असतो. म्हणून हिशोब आठवड्याचा.

त्याआधी एक काम एकदाच बसून उरकायचं. वर्षात कधीतरीच येणारे खर्च लिहून काढा, परीक्षा फी, पुस्तकं, सुट्टीत घरी जायचं तिकीट, चष्मा, लॅपटॉपचा चार्जर (हा नेमका परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मरतो). बेरीज करा, 12 ने भागा आणि तेवढे पैसे दर महिन्याला आल्या आल्या बाजूला टाका, शक्यतो अशा खात्यात ज्याचं कार्ड खिशात नसतं. याला बचत म्हणू नका हां, हे खर्च झालेलेच आहेत, तारीख फक्त पुढची आहे.

आता मेन गणित. समजा महिन्याला येणाऱ्या पैशांचे 100 भाग धरले. भाडं, फोन, इंटरनेट, बसचा पास असं न टळणारं 55, वर्षाच्या खर्चांसाठी 10, उरले 35. इथे सगळे 4 ने भागतात आणि इथेच फसतात, कारण महिना 4 आठवड्यांचा नसतोच, फेब्रुवारी सोडला तर वर 2-3 दिवस लोंबतात, वर्षाचे आठवडे 52 आणि 12 चोक 48, म्हणजे 4 आठवडे तुम्ही हिशोबात धरलेच नाहीत. म्हणून 5 ने भागायचं. आठवड्याला 7, म्हणजे दिवसाला 1. पाचव्या वाट्यातून ते वरचे 2-3 दिवस निघतात आणि तरी 4-5 भाग उरतात, खरी बचत ती. 50-30-20 असा एक फॉर्म्युला सगळीकडे फिरत असतो, निम्मे गरजांना, 30 टक्के हौसेला, 20 बचतीला, तो पगारवाल्यांना ठीक आहे, आपले निम्म्याहून जास्त भाड्याबिड्यातच जातात, तो बघून नुसतं टेन्शन येतं.

ज्यांची स्कॉलरशिप सेमिस्टरला एकदम येते त्यांनी ती आख्खी दुसऱ्या खात्यात ठेवायची आणि दर सोमवारी स्वतःलाच आठवड्याचे पैसे पाठवायचे, ऑटो ट्रान्सफर लावून टाका. सोमवारच का, तर शुक्रवारी आले की रविवार रात्रीपर्यंत उडतात आणि उरलेला आठवडा नुसतं बघत बसायचं.

पहिले 2 आठवडे काहीही कमी करू नका, फक्त लिहा. मी झोपायच्या आधी ब्रश करता करता फोनच्या नोट्समध्ये टाकायचो. 'इतर' असा रकाना अजिबात ठेवायचा नाही, मी ठेवला होता आणि महिनाअखेरीला तोच सगळ्यात मोठा निघाला, मग फोडून बघितलं तर आत उशीर झाला म्हणून केलेल्या 9 टॅक्स्या आणि फ्री ट्रायल घेऊन विसरलेलं एक ॲप, जे 7 महिने निवांत पैसे कापत होतं. ट्रायल घेतली की लगेच कॅन्सल करायची किंवा संपायच्या 2 दिवस आधीचा अलार्म लावायचा.

मित्राला उसने दिले तर त्याच दिवशी खर्चात धरा. परत आले तर बोनस. रूमवरची बिलं मात्र एकाच शेअर केलेल्या शीटमध्ये, त्यात मैत्री आणली की आधी हिशोब जातो आणि मग मैत्री पण.

क्रेडिट कार्डावर नुसतं मिनिमम (बिलावर लिहिलेली कमीत कमी रक्कम) भरून बाकीचं पुढे ढकलू नका. महिन्याला 3 टक्के व्याज ऐकायला किरकोळ वाटतं पण व्याजावर व्याज धरून वर्षाला ते 42 टक्क्यांच्या वर जातं.

आणि कपात जेवणात करायची नाही, पोटाला चिमटा काढून वाचवलेले पैसे 15 दिवसांनी डॉक्टरकडे जातात. पुस्तकांत करा, लायब्ररी आहे, सीनियरकडे जुनी एडिशन असते, फक्त सरांना विचारून घ्या की ती चालते का.

एखाद्या आठवड्यात 7 चे 9 झाले तर पुढच्या आठवड्याचा गळा आवळू नका, ते 2 त्या पाचव्या वाट्यातून घ्या. सलग 3 आठवडे 9 च होत असतील तर मात्र तुमचा 7 हा आकडाच खोटा आहे, परत बसा आणि त्या 55 मधलं काय हलतंय ते बघा, बहुतेक वेळा भाडंच असतं, मग एक रूममेट वाढवा नाहीतर घर बदला.