साहसकथेचा नायक असा घडवा

ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका, बघून कथा लिहायला बसलेल्या मुलांच्या वह्या मी बरीच वर्षं वाचतो आहे. जळगाव, भुसावळ, अमळनेर, शहादा, कुठलीही वही उघडा. नायकाचं नाव केन, शाळा टोकियोत, आईवडील पहिल्याच पानावर मेलेले आणि डाव्या डोळ्यात निळी आग. ती आग कशासाठी आहे ते शेवटच्या पानापर्यंत कळत नाही. यात मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही. ‘नायकाला दुःखद भूतकाळ द्या, एक शक्ती द्या, एक दोष द्या’ अशी यादी त्यांच्या हातात ठेवून मोठी माणसं मोकळी होतात. ती यादी तंतोतंत पाळूनही अगदी भिकार नायक तयार होतो.

खालची पद्धत गोष्टीला चालते तशी चित्रकथेलाही चालते. बरंच वाचलंय, पाहिलंय, वही-पेन हाताशी आहे, असं धरून चालतो. सोबत एक कथा बांधत जाऊ. रावेर तालुक्यातलं तापीकाठचं एक गाव. रात्रीतून कुणीतरी केळीची उभी बाग कापून टाकली आहे. वर्षभर पोसलेली खोडं आडवी, घड मातीत. त्या घरातली १३ वर्षांची जयू ही आपली नायिका.

पायरी १ : नाव, वय, गाव

दहा मिनिटांत उरका. गाव तुम्ही पायी फिरलेलं असावं, एवढी एकच अट.

पायरी २ : आईवडिलांची सोय लावा

ॲनिमेतले निम्मे नायक पोरके का असतात, याचं साधं व्यावहारिक कारण आहे. घरी आई असली की ती रात्री नऊला जेवायला बोलावते आणि साहस तिथंच संपतं. पण त्यासाठी कुणाला मारायची गरज नाही. भा. रा. भागवतांनी फास्टर फेणेला अनाथ केलं नाही. फुरसुंगीच्या पोराला शाळेसाठी पुण्यात आणलं, काम झालं. आपल्याकडे तर सोय आणखी सोपी. मे महिना, लग्नसराई, काकाच्या मुलीचं लग्न सुरतेला. आई सुरत पॅसेंजरनं चार दिवस आधीच गेलेली, वडील नुकसानीच्या पंचनाम्यासाठी तहसीलच्या चकरा मारतायत. घरी आजी आहे आणि आजीला रात्री दिसत नाही. जयू मोकळी.

पायरी ३ : त्याला काय हवंय ते एका वाक्यात लिहा

‘न्याय हवाय’, ‘स्वतःला शोधायचंय’ असलं काही लिहू नका. मिळालं की नाही, हे वाचकाला बोट दाखवून सांगता आलं पाहिजे. १९९७ साली सुरू झालेल्या ‘वन पीस’ या जपानी चित्रकथेतला लुफी पहिल्याच प्रकरणात जाहीर करतो की मी चाच्यांचा राजा होणार. ‘नारुतो’ मालिकेतल्या नारुतोला गावाचा होकागे, म्हणजे प्रमुख, व्हायचंय आणि तो ते भेटेल त्याला सांगत सुटतो. दोघांचीही मागणी वेडगळ आहे, पण मोजता येते. मालिका शेकडो भाग चालली तरी नायक कुठवर आला, हे बघणाऱ्याला कळत राहतं. जयूचं वाक्य : बाग कुणी कापली, त्याचं नाव मला हवंय.

पायरी ४ : शक्ती

एक पुरे, आणि ती रोजच्या जगण्यातून आलेली असावी. जयू लहानपणापासून बागेत वावरलेली. केळीच्या बागेत भर मे महिन्यातही गारवा आणि अंधार असतो, त्या अंधारात ती बिनचूक चालते. झालं. डोळ्यातून आग नको.

पायरी ५ : किंमत

आता बैठक मारून बसा. मला हीच पायरी जमायला सगळ्यात जास्त वेळ लागला. इथं फसलेली कथा पुढं कशानंच सावरत नाही.

‘नायकाला दोष द्या’ म्हटलं की लोक लिहितात : तो तापट होता. मग तो दोन-तीनदा दात-ओठ खातो, एकदा भिंतीवर मूठ आपटतो, आणि कथा होती तशी पुढं जाते. तपासायचं कसं? तो दोष सांगणारी सगळी वाक्यं पेन्सिलीनं खोडा. घटना जशाच्या तशा राहिल्या तर तुम्ही दोष दिलेलाच नाही, नुसती रंगरंगोटी केलीय.

लुफीकडे बघा. ज्या फळानं त्याला रबरासारखं अंग दिलं, त्याच फळानं त्याचं पोहणं कायमचं काढून घेतलं. आणि याला राज्य करायचंय समुद्रावर. शक्ती, उणीव आणि इच्छा एकाच गाठीत बांधल्यामुळे लेखकाला संकट बाहेरून आणायची गरजच उरत नाही. ‘फुलमेटल अल्केमिस्ट’मधला एडवर्ड तर याहून पुढचा. मेलेल्या आईला परत आणायचा घाट दोघा भावांनी घातला. त्यात एडवर्डचा पाय गेला, धाकट्या अल्फॉन्सचं अख्खं शरीर गेलं, आणि भावाचा आत्मा चिलखतात बांधून ठेवण्यासाठी एडवर्डनं स्वतःचा हातही दिला. पुढची सगळी कथा या हिशेबावर चालते. हरवलेलं पुढच्याच प्रकरणात कुणी परत आणून देत नाही.

हे दोघे निव्वळ अभागी असते तर आपण हळहळलो असतो आणि पान उलटलं असतं. दुःखद भूतकाळाचा सल्ला मला पटत नाही तो याचमुळे. दुःख नायकावर येऊन आदळतं, त्यात त्याला काही करावं लागत नाही. निर्णय मात्र त्याला स्वतःला घ्यावा लागतो आणि त्याचं देणंही त्यालाच भागवावं लागतं. वाचक चिकटतो तो या देण्याला. नायक भला माणूस असण्याचीसुद्धा गरज नाही. ‘डेथ नोट’मधला लाइट यागामी माणसं मारत सुटतो, तरी नजर हटत नाही, कारण ज्या वहीत नाव लिहिलं की माणूस मरतो, तिच्यात नाव लिहायचं की नाही हे प्रत्येक वेळी तो ठरवतो. आणि ‘स्पिरिटेड अवे’मधली १० वर्षांची चिहिरो सुरुवातीला नुसती कुरकुरी पोरगी आहे. तिच्याकडे कसलीही शक्ती नाही. पण भीतीनं गारठलेली असतानाही ती जादूगारणीसमोर उभी राहून ‘मला काम द्या’ हा एकच हेका धरते, तिथं ती नायिका होते.

आता जयू. केळीचा चीक कपड्याला लागला की डाग जात नाही, हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं. पण केळीच्या पट्ट्यात असे डागाळलेले सदरे घराघरातल्या दोरीवर वाळत असतात, म्हणून हा पुरावा निरुपयोगी. मग एके दिवशी तिला तसा डाग अशा माणसाच्या शर्टावर दिसतो, ज्याचा बागेशी काडीचा संबंध नाही. सावद्याला मोबाइलच्या दुकानात कामाला असलेला, इस्त्रीशिवाय घराबाहेर न पडणारा एक तरुण. तिच्या जिवलग मैत्रिणीचा, वैशूचा मोठा भाऊ.

इथं जवळजवळ प्रत्येक नवा लेखक पळ काढतो. पळवाटा ठरलेल्या आहेत. खरा गुन्हेगार दुसराच निघतो. किंवा नेमकं त्या वेळी वडील दाराआडून ऐकतात. किंवा पोलीस आपणहून येतात. किंवा भावालाच पश्चात्ताप होतो आणि तो रडत कबुली देतो. हे शेवटचं मला सगळ्यात जास्त छळतं. या सगळ्या वाटांनी एकच होतं : निर्णय जयूच्या हातून काढून घेतला जातो. माझा नियम कडक आहे. त्या पानावर तिसऱ्या माणसाला येऊ द्यायचं नाही, फोन वाजू द्यायचा नाही, वीजसुद्धा जाऊ द्यायची नाही.

करायचं ते असं. कागदावर मधोमध रेघ ओढा. एकीकडे लिहा, जयू बोलली तर तिचं काय जाईल. दुसरीकडे लिहा, गप्प राहिली तर काय जाईल. पहिल्या खेपेला एक बाजू हमखास हलकी भरते. वैशू नुसतीच ‘मैत्रीण’ असेल तर तिला गमावण्यात काय दुखणार? तेव्हा मागं जा आणि वैशूला एखादी जागा द्या. शाळेत जयूनं केलेल्या उपद्व्यापाची शिक्षा तिनं स्वतःवर घेतलीय आणि त्याचा उल्लेखही कधी केला नाही, असं काहीतरी. मग दुसरी बाजू. गप्प राहण्याचीही किंमत हवी, नाहीतर गप्प राहणं फार सोपं पडतं. बाग कापल्याचा संशय घेऊन गावानं सातपुड्यातून कामाला आलेल्या एका पावरा आदिवासी सालदाराला धरलंय. त्याची मुलगी जयूच्याच वर्गात, पुढच्या बाकावर बसते. संशयाला पुरावा लागत नाही, माणूस बाहेरचा असला की पुरतं. आता जयूला झोप लागणार नाही, आणि तुम्हालाही लागू नये. दोन्ही बाजू वाचून तुमचं स्वतःचं मत रोज बदलू लागलं की लिहायला घ्या, त्याआधी नको.

आणि एकदा ती बोलली की बोलली. वैशू तिच्याशी पुन्हा बोलत नाही. इथं तुमच्यावर दबाव येईल. घरचे म्हणतील, एखादा संपादकही म्हणेल, लहान मुलांची कथा आहे, शेवटी मैत्री जोडा की. जोडू नका. पंधरा पानं खपून उभी केलेली किंमत एका मिठीत माफ केलीत, तर वाचणारं पोर तुमच्यावर पुन्हा विश्वास ठेवणार नाही. मुलांना मोठ्यांपेक्षा हिशेब चांगला कळतो.

पायरी ६ : समोरचा माणूस

खलनायकाला कारण द्या, आणि ते त्याच्या बाजूनं वाजवी वाटणारं द्या. बांधाचं जुनं भांडण पुरे. त्यावरून आपल्याकडे पिढ्या कोर्टात गेल्यात, एक बाग काय घेऊन बसलात.

पायरी ७ : बोली आणि वेळ

नायक रावेरचा असेल तर त्याच्या घरात लेवा गणबोली कानावर पडते; अहिराणी धुळे, अमळनेर, साक्रीकडची. दोन्हींची खिचडी करून ‘खान्देशी भाषा’ म्हणून वाढू नका. ‘मी पाहेल आहे त्याले’ एवढं एक वाक्य नेमक्या जागी आलं तर पानभर बोलीपेक्षा जास्त काम करतं. वाकून नमस्कार, वरच्या वर्गातल्याला ‘सेनपाई’ म्हणणं वगैरे जपानमध्येच राहू द्या.

पाठलाग भर दुपारी ठेवू नका. मे महिन्यात रावेर-भुसावळकडे पारा ४५ अंशांना टेकतो, कुत्रंही सावली सोडत नाही. रात्र घ्या. तीही निर्मनुष्य नसते, कारण शेतीची लाइट बऱ्याचदा रात्री येते आणि माणसं बॅटऱ्या घेऊन पाणी द्यायला जातात. तुमचा साक्षीदार तिथंच कुठंतरी दारं धरून उभा असेल.

पायरी ८ : चित्रकथा असेल तर

नायकाची नुसती काळी सावली काढून बघा. गवती टोपीवरून लुफी सावलीतही ओळखू येतो. जयूला बापाचा जुना, गुडघ्यापर्यंत येणारा सदरा द्या, बाह्या दुमडलेल्या. रंग भरताना चिकाचा डाग हिरवा दाखवू नका. ताजा चीक पाण्यासारखा दिसतो, नंतर तपकिरी-काळा पडतो. म्हणून तर वैशूच्या भावाला शर्ट खराब झाल्याचं त्या रात्री कळलं नाही. हे चुकलं तर सावद्या-फैजपूरचा पहिलाच वाचक तुमची चूक काढेल, आणि पुढचं एक पानही वाचणार नाही.