पोलंडमधील स्थित्यंतराच्या काळातले बालपण कसे टिपून घ्यावे

पोलंडमध्ये 1989 साली साम्यवादी राजवट संपून भांडवलशाहीकडे वाटचाल सुरू झाली. तेव्हा शाळेत असलेली पिढी आज चाळिशी-पन्नाशीत आहे आणि नोकरीनिमित्त वॉर्सा किंवा व्रोत्स्वाफ येथे राहणाऱ्या मराठी माणसाला ती सहकारी किंवा घरमालक म्हणून सहज भेटते. त्यांच्या आठवणी नोंदवायच्या असतील, तर ‘साम्यवाद बरा होता की भांडवलशाही?’ या प्रश्नाने सुरुवात करू नये; त्यातून लहानपण हाती लागत नाही, पुढे बनलेले मत तेवढे ऐकायला मिळते.

प्रथम जन्मसाल आणि गाव विचारावे. 1975 साली जन्मलेल्या व्यक्तीला मांसाची रेशनकार्डे (ती 1981 ते 1989 चालली) आणि शाळेतील सक्तीची रशियन भाषा नक्की आठवेल. तिच्या दहा वर्षांनी लहान भावाला कदाचित यांतले काहीच आठवणार नाही. गावामुळे तर याहून मोठा फरक पडतो. वॉर्सामध्ये एप्रिल 1991 मध्ये साम्यवादी पक्षाच्या जुन्या मुख्यालयातच शेअर बाजार सुरू झाला, याचे किस्से रंगवून सांगितले जातात. पण त्याच सुमारास सरकारी शेतीसंस्था मोडीत निघाल्या आणि तेथील वसाहतींत आईवडिलांचा पगारच नव्हे, तर त्या संस्थेच्या आधाराने चालणारे पाळणाघर आणि दुकानही गेले. बेरोजगारी 1993 च्या अखेरीस 16 टक्क्यांवर पोहोचली होती, तिचा खरा अर्थ अशा वसाहतींतच कळतो. माझ्या मते, मुलाखतीसाठी एकच माणूस निवडायचा झाला, तर तो तिथला निवडावा.

पैशांच्या आकड्यांबाबत विशेष दक्षता घ्यावी. जानेवारी 1990 मध्ये अर्थमंत्री बाल्त्सेरोविच यांची बाजारव्यवस्थेकडे नेणारी योजना लागू झाली आणि त्या वर्षी महागाईचा दर 500 टक्क्यांच्या पुढे गेला. पुढे दहा लाख झ्वॉटींची नोटही चलनात आली. 1 जानेवारी 1995 पासून चार शून्ये उडवून दहा हजार जुन्या झ्वॉटींची एक नवी झ्वॉटी करण्यात आली. म्हणून कोणी ‘आइस्क्रीमला हजारो मोजले’ असे म्हणाले, तर ती अतिशयोक्ती समजून खोडू नये; साल आणि ‘जुने की नवे’ एवढे विचारून आकडा आहे तसा लिहावा.

आठवण अडली, की वस्तूंकडे वळावे. डॉलर किंवा त्याबदल्यातील कुपने घेऊन परदेशी माल विकणाऱ्या ‘पेवेक्स’ दुकानात काय दिसायचे, घरात डॉलर कोणाकडून यायचे, ‘टुर्बो’ च्युइंगममधील मोटारींची चित्रे कोण जमवायचे, हे विचारले की माणूस मोकळा होतो. त्यानंतर रस्त्याकडेला घडीच्या खाटांवर माल मांडून बसणाऱ्यांत घरचे कोणी होते का, हे विचारता येते. नोकरी गेलेल्या आईवडिलांचा विषय बहुधा येथूनच निघतो.

वडील पक्षाचे सदस्य होते का, हा प्रश्न अगदी शेवटी ठेवावा आणि उत्तर नोंदीत घ्यायचे की नाही, हे सांगणाऱ्यावर सोडावे.