गुळाची मसाला कॉफी, दूध न फाटता

नाताळच्या सुट्टीत पाहुणे आले की आमच्या कोल्हापुरात घरचा गूळ घालून कॉफी करावीच. दूध फाटतं ते बहुतेक वेळा उकळत्या दुधात गूळ टाकल्यामुळे. दोन कपांसाठी अर्धा कप पाण्यात 2 ठेचलेले वेलदोडे, 1 लवंग आणि चिमूटभर सुंठ उकळा. वास सुटला की दीड कप दूध घाला, उकळी येताच 2 लहान चमचे इन्स्टंट कॉफी टाकून गॅस बंद करा. मिनिटभर निवू द्या, मगच 2 चमचे किसलेला गूळ ढवळा. गूळ पिवळाधमक नको, गडद तपकिरी घ्या. कॉफीला तोच खमंग लागतो. जायफळ मात्र उकळू नका, वास उडतो. कप भरल्यावर वरूनच दोनदा किसा.