ऑनलाइन डिग्रीला नाव घालताय? आधी या चुका टाळा

माझं पहिलं ऑनलाइन एम.कॉम. मार्चएंडने खाल्लं. मी एका पतसंस्थेत अकाउंटंट आहे. जानेवारीच्या सत्रात प्रवेश घेतला, फेब्रुवारी बरा गेला आणि मग मार्च आला. थकबाकीच्या याद्या, ठेवींवरच्या व्याजाच्या नोंदी, ऑडिटरचे फोन. शेवटचा आठवडा रात्री नऊच्या आत कोणी घरी गेलं नाही, आणि नेमक्या त्याच आठवड्यात तीन असाइनमेंटची मुदत होती. ३१ तारखेला रात्री साडेअकराला लॅपटॉप उघडला, तर दोन विषयांपुढे लाल अक्षरांत ‘मुदत संपली’. तिसरी असाइनमेंट घाईघाईत भलत्याच विषयाच्या रकान्यात चढवली. एप्रिलमध्ये पोर्टल उघडायचंच सोडून दिलं. फी गेली ती गेलीच.

दोन वर्षांनी पुन्हा प्रवेश घेतला, या खेपेला जुलैत, आणि डिग्री पदरात पडली. मधल्या काळात माझी हुशारी काही वाढली नव्हती. आता आमच्याकडचे क्लार्क, त्यांच्या घरच्या वहिनी, कुणाचा बारावी झालेला मुलगा, सगळे एकच विचारत येतात: “साहेब, ऑनलाइन डिग्री चालते का?” मी म्हणतो, डिग्री चालते. तुम्हाला झेपेल का ते बघू.

‘चालते का?’ एवढंच विचारून थांबणं

या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२० साली मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाचे नियम केले. मान्यताप्राप्त विद्यापीठाची अशी पदवी नेहमीच्या कॉलेजातल्या पदवीच्या बरोबरीची धरायची, हे सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. वाद मिटला.

पण मान्यता विद्यापीठाला एकदा मिळाली की सगळ्यालाच मिळाली, असं नसतं. ती अभ्यासक्रमागणिक आणि सत्रागणिक असते. त्याच विद्यापीठाचं एम.बी.ए. यादीत असेल आणि एम.ए. नसेल. गेल्या वर्षी असलेला कोर्स यंदा नसेल. यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या संकेतस्थळावर विद्यापीठ, कोर्स आणि सत्र तिन्ही जुळतात का ते स्वतः बघायचं. एजंटाने व्हॉट्सॲपवर पाठवलेला स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे.

काही विषय तर या वाटेने करताच येत नाहीत. इंजिनिअरिंग, वैद्यकीय, फार्मसी, नर्सिंग, आर्किटेक्चर, फिजिओथेरपी, कायदा, शेती, हॉटेल मॅनेजमेंट. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र आणि पोषणशास्त्रासारख्या आरोग्याशी जोडलेल्या विषयांचे नवे प्रवेशही बंद झाले. तरी ‘घरबसल्या एलएल.बी.’ आणि ‘घरबसल्या बी.एड.’ची पत्रकं एस.टी. स्टँडवर चिकटलेली दिसतातच. इग्नू आणि यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं बी.एड. आहे, पण ते आधीच शिक्षक असलेल्यांसाठी किंवा शिक्षक-प्रशिक्षण घेतलेल्यांसाठी.

डिग्री आणि सर्टिफिकेट यांतला फरकही फी भरल्यावर कळून उपयोग नाही. पदवी देण्याचा अधिकार १९५६ च्या यूजीसी कायद्याने विद्यापीठांना दिलाय; शिकवणीच्या ॲपला नाही. ‘एक्झिक्युटिव्ह प्रोग्रॅम’ कितीही भारदस्त वाटला तरी पदवीची अट असलेल्या जागेला तो पुरत नाही. ॲप कंपन्यांशी हातमिळवणी करून परदेशी विद्यापीठांच्या विकल्या जाणाऱ्या ऑनलाइन डिग्र्यांबद्दल यूजीसीने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर ताकीद दिली होती. त्यांना इथे मान्यता नाही.

‘घरूनच आहे, वेळ वाचेल’ असं समजणं

सगळ्यांत जास्त लोक इथे घसरतात. मीही घसरलो. ऑनलाइनमध्ये वाचतो तो एस.टी.चा वेळ. अभ्यासाचा वेळ वाचत नाही.

आमच्या धंद्यात आकडा मांडल्याशिवाय पटत नाही, म्हणून मांडतो. दूरशिक्षणाच्या हिशेबात एक क्रेडिट म्हणजे किमान ३० तासांचा अभ्यास. एका सेमिस्टरला साधारण २० क्रेडिट धरले तर ६०० तास झाले. सेमिस्टर सहा महिन्यांचं, म्हणजे २६ आठवडे. आठवड्याला २३ तास! रोजचे सव्वातीन, रविवारसकट. खरं सांगायचं तर इतका अभ्यास कोणीच करत नाही. मी बारा-तेरा तासांवर निभावलं आणि बेताचे मार्क पडले. पण ‘रविवारी बघू’वाल्याकडे आठवड्याला चार तास निघतात. तेरा आणि चार यांतली दरी परीक्षेच्या आदल्या रात्री भरून निघत नाही.

म्हणून एक काम करा. कागदावर आठवडा मांडा. ड्युटी, प्रवास, स्वयंपाक, मुलांना शाळेत सोडणं, सासऱ्यांच्या डायलिसिसच्या फेऱ्या, जे असेल ते. मग उरलेल्या रकान्यांत दोन-दोन तासांचे सहा तुकडे बसतात का बघा. अर्ध्या तासाचे चोवीस तुकडे बसत असतील तर ते धरू नका. कॉस्टिंगचं एक गणित सोडवायला चाळीस मिनिटं लागतात.

वर्षाचं कॅलेंडर न बघता सत्र निवडणं

प्रवेशाची सत्रं दोन असतात, एक जानेवारी-फेब्रुवारीचं आणि दुसरं जुलै-ऑगस्टचं. लोक जाहिरात दिसली की नाव घालतात. मी तसंच केलं होतं. पहिलं सेमिस्टर हे नवीन सुनेसारखं असतं. पोर्टल कुठे काय ठेवतं, असाइनमेंट कुठल्या फाइलमध्ये लागते, शंका कुठे विचारायची, सगळं अनोळखी. त्यात तुमच्या कामाचा हंगाम आला की संपलं.

बँक-पतसंस्थेवाल्याने आणि टॅक्सचं काम करणाऱ्याने जुलै धरावा. साखर कारखान्यात असाल तर गळीत हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि जानेवारीतही चालूच असतो, म्हणून जानेवारी नको आणि जुलैत आलात तर पहिल्या तीन महिन्यांत शक्य तितकं उरका. घरची शेती असेल तर जूनच्या पेरणीत प्रवेशाची धावपळ होते. कागद मे महिन्यातच जमवून ठेवा. जुलैत प्रवेश घेऊन माझाही मार्च टळला नाही, दुसरं सेमिस्टर त्यावर पडतंच. पण तोवर हात बसला होता, आणि मार्चच्या असाइनमेंट मी फेब्रुवारीतच चढवून मोकळा झालो.

नावाचा घोळ ऐनवेळी उघडणं

हे कुठलाच समुपदेशक सांगत नाही, आणि आपल्याकडच्या बायकांना तर हमखास नडतं.

२०२४ पासून ऑनलाइन किंवा दूरस्थ पदवीला प्रवेश घ्यायचा तर डीईबी-आयडी काढावा लागतो. त्याला एबीसी आयडी लागतो, म्हणजे तुमच्या क्रेडिटचं बँकखातं. आणि ते खातं आधारवरचं नाव उचलतं. आता बघा. आमच्या एका सहकाऱ्याच्या पत्नीच्या दहावी-बारावीच्या मार्कशीटवर माहेरचं आडनाव आणि मधे वडिलांचं नाव. आधारवर सासरचं आडनाव आणि मधे नवऱ्याचं. लग्नात सासूबाईंनी नावही बदललेलं, तेही आधारवर चढलेलं. पॅनकार्डावर मात्र माहेरचंच. अर्ज भरताना आयडी एका बाईचा आणि मार्कशीट दुसऱ्याच बाईची! मुदतीला चार दिवस राहिले होते. ते सत्र त्यांच्या हातचं गेलं.

यावर औषध आहे, पण ते महिनाभर आधी घ्यावं लागतं. विवाह नोंदणीचा दाखला काढून ठेवा. पहिलं नावच बदललं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल करून घ्या. त्याला वेळ लागतो. पदवीवर कुठलं नाव हवंय ते आधी ठरवा आणि विद्यापीठाला ईमेलने विचारा की या नावांच्या फरकासाठी कुठले कागद चालतील. फोनवर विचारू नका. फोनवरचं ‘हो मॅडम, होऊन जाईल’ नंतर सापडत नाही. स्पेलिंगचंही तेच. मार्कशीटवर एक ‘ए’ आणि आधारवर दोन असले तरी गाडी अडू शकते.

‘मोबाइलवर भागेल’

लेक्चर बघायला भागतं. बाकी कशाला भागत नाही. एक्सेलमधलं पिव्होट टेबल मोबाइलवर करून बघा एकदा, अंगठा दुखेल पण टेबल होणार नाही. नवा लॅपटॉप हवाच असं नाही. जुना, कॅमेरा चालणारा, पंधरा-वीस हजारांतला पुरतो. मोबाइलचा रोजचा दीड जीबीचा पॅक दोन लेक्चरांत संपत आला की मला कळलं, घरी वायफाय घ्यावं लागणार. तोही खर्च फीत धरा.

परीक्षा कुठे होते हे प्रवेशाआधी विचारा. काही ठिकाणी केंद्रावर जावं लागतं, काही ठिकाणी घरूनच, कॅमेऱ्यापुढे. घरची परीक्षा ऐकायला सोपी वाटते. पण दोन-तीन तास खोलीत दुसरं कोणी यायचं नाही, आवाज नको, लाइट जायला नको. दोन खोल्यांच्या घरात आजीला ‘आत येऊ नकोस’ हे कोण सांगणार? ज्यांच्या घरी हे जमत नाही त्यांना केंद्रावरची परीक्षा बरी.

‘आज शेवटचा दिवस’ला भुलणं

फोनवरचा मुलगा गोड बोलतो. सवलत आज रात्रीपर्यंतच असते आणि उद्या पुन्हा असते. ‘बिनव्याजी हप्ते’ म्हणजे बहुतेक वेळा तुमच्या नावावर एका फायनान्स कंपनीचं कर्ज. कोर्स सोडला तरी तो करार तुमच्या डोक्यावर राहतो आणि हप्ता चुकला की सिबिल बिघडतं. रोज कर्जाच्या फायली बघणारा माणूस म्हणून सांगतो, सही करण्याआधी कर्ज देणाराचं नाव वाचा. पैसे विद्यापीठाच्या खात्यातच जाऊ द्या, पावतीही त्यांचीच घ्या. ‘परीक्षेचंही आम्ही बघून घेऊ’ असं कोणी म्हणालं तर तिथूनच उठा. फ्रँचायझी देऊन पदव्या चालवायला यूजीसीची मनाई आहे.

बारावी झालेल्या मुलाला ऑनलाइनवर बसवणं

इथे माझं मत ठाम आहे आणि काही पालकांना ते आवडत नाही. गावात किंवा जवळ बरं कॉलेज असेल आणि परिस्थिती अगदीच आड येत नसेल, तर अठरा वर्षांच्या पोराला कॉलेजातच पाठवा. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांच्या ४० हजारांवर विद्यार्थ्यांचा अभ्यास २०१३-१४ च्या सुमारास प्रसिद्ध झाला होता. ऑनलाइन वर्गात जवळपास सगळेच थोडे मागे पडले, पण जास्त मागे पडले ते वयाने लहान, मुलगे आणि आधीच कमी मार्कांचे. आपल्याकडे मात्र ‘अभ्यासात बेताचा आहे, करू दे ऑनलाइन’ असंच म्हणतात. गंगा उलटी वाहते ती इथे.

दुकान सांभाळणारा, भरतीची तयारी करणारा किंवा लग्न होऊन लांब गेलेली मुलगी, यांची गोष्ट वेगळी. २०२२ पासून एक कॉलेजातली आणि एक ऑनलाइन अशा दोन पदव्या एकदम करायची मुभाही आहे. हुशार मुलाने तसं जरूर करावं, पण वरचा तेरा तासांचा हिशेब आधी मांडून.

गाडी आधीच अडली असेल तर

माझी खरी चूक मार्चची नव्हती, एप्रिलची होती. दोन असाइनमेंट बुडाल्या म्हणून मी सगळंच सोडलं. नंतर कळलं की विषय राहिला तर तो पुढच्या परीक्षेला देता येतो, आणि पदवी पुरी करायला बहुतेक ठिकाणी जादा वर्षं मिळतात. इग्नूचं दोन वर्षांचं एम.कॉम. चार वर्षांपर्यंत पुरं करता येतं. तेव्हा मागे पडलात तर आधी लॉगिन करा. कुठल्या विषयाचं काय राहिलंय ते कागदावर उतरवा आणि विद्यार्थी सहायता कक्षाला ईमेल टाका. पुढच्या खेपेला विषय कमी घेता येतात का तेही विचारा. भिजत घोंगडं ठेवलं की पुनर्नोंदणीची तारीखही निघून जाते.

आणि अजून पैसे भरले नसतील तर आधी फुकटची चाचणी घ्या. ‘स्वयम’ या सरकारी व्यासपीठावर एनपीटीईएलचे, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमाचे, कोर्स जानेवारी आणि जुलैत सुरू होतात. नाव घालायला पैसे पडत नाहीत; सर्टिफिकेट हवं असेल तरच केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची, त्याची फी वेगळी. बारा आठवड्यांच्या कोर्सला दर आठवड्याला एक असाइनमेंट असते, ठरलेल्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी बंद होणारी. बारांतल्या उत्तम आठ धरतात.

आमच्या वसुली विभागातल्या एकाला मी जानेवारीत हेच करायला लावलं. त्याने दहा असाइनमेंट दिल्या. दोन हुकल्या, एक मार्चएंडला आणि एक गावच्या जत्रेत. परीक्षा काही दिली नाही. जुलैत तो एम.कॉम.चा अर्ज भरायला माझ्या टेबलाशी बसला, तेव्हा हातात मार्कशीटच्या आधी पंचांगाचं कॅलेंडर होतं. पुढच्या वर्षीच्या जत्रेवर त्याने गोल केला होता.